एक इंच चार सूत

खुर्चीवर बसण्याआधी सूतकाका ती हलवून बघायचे. चहा तोंडाला लावण्याआधी त्याचा वास घ्यायचे. डॉक्टरनं थर्मामीटर पुढे केलं, तर म्हणायचे, "आधी तुह्या तोंडात घालून दाखव, मग माह्या." अशा माणसाशी माझ्या बाबांचं जन्मभर कसं जमलं, देव जाणे. बाबा गेले, त्यांची हिरवी, दोन सीटची, बिनटपाची विलायती गाडी माझ्या गळ्यात पडली, आणि गाडीबरोबर हे काकाही.

काका मूळचे अचलपूरकडचे. रेल्वेच्या वर्कशॉपात लेथवर उभं आयुष्य गेलं. रिटायर झाल्यावर त्यांनी आमच्या शहराच्या कडेला, भनपुरीत, ट्रकच्या बॉड्या बांधतात त्यांच्या मागे, पत्र्याची शेड घेतली आणि जुन्या विलायती स्पोर्ट्स गाड्यांचे कार्बोरेटर ओळखायचं काम सुरू केलं. दुर्ग, जबलपूर, नागपूरहून हौशी लोक पिशवीत कार्बोरेटर घालून यायचे आणि विचारायचे, हा कोणता, कितीचा? काकांकडे पितळेचे चार गट्टू होते, भोकात घालून माप घ्यायचे गोल ठोकळे, स्वतः लेथवर काढलेले. एक इंच एक सूत, एक इंच दोन सूत, चार सूत, सहा सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, मिस्त्री लोकांचं माप. गंमत अशी, की विलायती पुस्तकात ज्याला चार नंबरचा म्हणतात त्याचा घसा, म्हणजे हवा आत ओढायचं भोक, बरोबर एक इंच चार सूत निघतो, आणि दोन नंबरचा एक इंच दोन सूत. "इंग्रजानं आपलंच सूत चोरलं," असा काकांचा आरोप होता. तो त्यांनी कधीच मागे घेतला नाही.

कार्बोरेटरच्या झाकणाखाली एक छोटा धातूचा बिल्ला असतो, त्यावर नंबर असतो. लोक तो बिल्ला मोठ्या भक्तिभावानं दाखवायचे. काका तिकडे बघायचेही नाहीत. "बिल्ला स्क्रूनं लागते. जे स्क्रूनं लागते, ते स्क्रूनं निघते. घसा पाह्य, घसा. घसा कोणाले बदलता येत नाही."

सदर बाजारात मी एकदा त्यांच्यासोबत कापड घ्यायला गेले होते. काकांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली आणि दुकानदाराचा मीटर मोजायला घेतला. मी मेल्याहून मेल्यासारखी! दुकानदार म्हणाला, "चाचा, आप सरकारी आदमी हो क्या?" काका शांतपणे म्हणाले, "नहीं भैया, सरकार पे तो और भी भरोसा नहीं." मीटर बरोबर निघाला. काकांचा चेहरा एवढासा झाला.

पण त्यांची खरी रीत म्हणजे चिठ्ठी. कोणाचाही माल शेडमध्ये घ्यायच्या आधी मालकाच्याच हातात गट्टू द्यायचे, त्यालाच मापायला लावायचे आणि लिहून घ्यायचे: अमुक नग, अमुक सूत, खाली सही. "उद्या म्हणशील, काकानं बदलला. मग मी काय करू?" त्या चिठ्ठीतून कलेक्टरसुद्धा सुटला नसता.

बाबांची गाडी दोन वर्षं आमच्या घरच्या गॅरेजमध्ये निजली होती. ती पुन्हा चालवायची, हे मी मनाशी ठरवलं होतं. बाबांचं म्हणावं असं दुसरं काही माझ्याकडे उरलंच नव्हतं. तिला दोन कार्बोरेटर, जोडीचे. दोन्ही सारखेच हवेत, नाहीतर इंजिन लंगडतं. मी बिल्ले पाहिले तर दोघांचे नंबर वेगळे. नागपूरच्या एका स्पेअरवाल्याला फोटो पाठवले. तो म्हणाला, जोडी फुटलेली आहे, कोणीतरी एक बदललाय. झालं! मनात शंकेची पाल चुकचुकली.

तरी मी काकांकडे गेले. पिशवी पुढे केली आणि सवयीनं कागदही काढला. काका म्हणाले, "राहू दे. तुह्या बाबाची गाडी हाय."

आठ दिवसांनी त्यांनी दोन्ही साफ करून परत दिले. "दोन्ही एक इंच चार सूत. बिल्ले खोटे, घसा खरा." मी घरी आले, जेवणाच्या टेबलावर दोन्ही ठेवले आणि ऑफिसातल्या एका इंजिनिअरकडून आणलेला व्हर्निअर लावला. एक बरोबर. दुसरा जवळजवळ सूतभर मोठा! चिठ्ठी का घेतली नाही, ते आता कळलं, असं मला वाटलं. लाज वाटते सांगायला, पण मी तसाच फोन केला. "काका, एक बदलला का हो?"

पलीकडे ट्रकचे हॉर्न वाजत होते. काका एवढंच म्हणाले, "येऊन राहिलो."

भर उन्हात आले. खुर्ची हलवली नाही, बसलेच नाहीत. दोन्ही कार्बोरेटर उचलले, एकच गट्टू दोन्हींत घातला. दोन्हीकडे तो घट्ट, गुपचूप बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जोडीतले दोघं उजवे-डावे असतात. तू टेबलावर ठेवले, तं एकाची इंजिनाकडची बाजू तुह्याकडे आली अन् दुसऱ्याचं हवेकडचं तोंड. तोंड पसरटच असते, पोट्टी. माप घ्याचं घशाचं, जिथं आतली चकती फिरते तिथं."

मी जीभ चावली. माफी मागितली, चहा टाकते म्हटलं. "कागद आण," ते म्हणाले. मी लिहिलं: दोन नग, एक इंच चार सूत. सही केली. त्यांनी चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली आणि चहा न घेता गेले.

काम मात्र त्यांनी सोडलं नाही. पुढच्या रविवारी येऊन जोडी बसवली. रबराची नळी कानाला लावून एकेका घशाचा श्वास ऐकला, स्क्रू इकडे पाव आटा पिळला, तिकडे पाव आटा. गाडी खोकली, धूर टाकला आणि चालू झाली. मी टाळ्या वाजवल्या. काकांनी बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

गेल्या वर्षी गुडघे गेले, तशी मुलगी त्यांना अमरावतीला न्यायला आली. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला शेडमध्ये बोलावलं. पितळेचे चारही गट्टू एका फडक्यात बांधलेले होते. "तुह्यापाशी ठेव. लोक येतीन. त्यायले घसा मापायले सांग." माझे डोळे भरून आले. मी हात पुढे केला तर त्यांनी फडकं मागे घेतलं.

"आधी चिठ्ठी."

मी लिहिलं: चार नग, पितळी. सही केली. त्यांनी दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली आणि गट्टू माझ्या ओंजळीत ठेवले.

"आता तुह्यावर शक नाही राहिला," ते म्हणाले. "चिठ्ठी हाय ना."

मी हसले, तेही हसले. गट्टू शेजारच्या सीटवर ठेवून मी बाबांची गाडी घराकडे काढली. दोन्ही कार्बोरेटर एका लयीत श्वास घेत होते. भनपुरीच्या चौकात लाल दिव्याला थांबले, आणि तिथं मात्र मला रडू आवरलं नाही.