पिल-न्यो ताईने बिल देणं सोडलं

पिल-न्यो ताईचा मी अठ्ठावीस वर्षं हेवा केला. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्या तोंडून तिचं कौतुक निघालं तर ते मला किती जड गेलंय हे तुम्हाला कळेल.

थोंगयोंग बंदराच्या मासळीबाजारात आमचे गाळे एकाला एक लागून. तिचा सुक्या मांदेलीचा, माझा तोंडीलावण्यांचा. मध्ये फळ्यांची भिंत. तिच्याकडून मांदेली घ्यायची, सोयाच्या पाकात परतायची आणि विकायची, हा माझा धंदा. म्हणजे माझ्या पोटाची सुरुवातसुद्धा तिच्याच गाळ्यातून.

दर शनिवारी बाजार उठला की आम्ही सातआठ बायका कोपऱ्यावरच्या सूपवालीकडे जेवायला जायचो. आमच्याकडे आपापलं देण्याची रीत नव्हती. आज एकीने सगळ्यांचं द्यायचं, पुढल्या वेळी दुसरीने. पण पिल-न्यो ताई पुढली वेळ कुणावर येऊच द्यायची नाही. जेवण अर्ध्यावर आलं की "आलेच गं, बाथरूमला जाऊन" म्हणून उठायची आणि गल्ल्यावर कार्ड देऊन यायची. बायका तिच्या चपला लपवून ठेवायला लागल्या, तर ही अनवाणी जायची.

मग एकच गलका. "अगं ताई, हे काय!" "मन असावं तर असं, बाई!" आणि मिरचीवाली माक-नाम माझ्याकडे बघून म्हणायची, "थे-ग्योंगच्या आईची पाळी काही या जन्मी येत नाही."

थे-ग्योंग माझा मुलगा. मला बोक-दॉक असं नाव आहे, पण बाजारात ते कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. ताईलाही मुलगी आहे, पण तिला कुणी अमकीची आई म्हणत नाही. ती पिल-न्यो ताईच. एवढ्याशा गोष्टीचंही मला वाईट वाटायचं. माझ्या नवऱ्याने एकदा माझ्याच हातचा भात खाता खाता "बाई असावी तर शेजारच्या गाळ्यावाल्या ताईंसारखी" म्हटलं. पुढचे आठ दिवस त्याच्या सूपात मी मीठ घातलं नाही.

मी कंजूष होते, हे खरं. पण ताईला उदार म्हणणं हेही काही खरं नव्हतं. तिच्याकडे चार कार्डं होती आणि एकाचं भरायला दुसरं लागायचं. एकदा पावसामुळे गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा तिने मला कारण सांगितलं. लहानपणी त्यांच्या बेटावर कुणाचं तरी लग्न होतं. बाप आहेराचं पाकीट न घेताच गेला, कारण पाकिटात घालायला काही नव्हतं. ताई सात वर्षांची, बापाचं बोट धरून. वाढणाऱ्या बाईने सगळ्यांदेखत म्हटलं, "हात हलवत आलात आणि बसलातही पंगतीला!" बाप उठला. पोरीच्या तोंडात घास होता, तो तिने गिळलासुद्धा नाही.

"तेव्हापासून मला वाटतं," ताई म्हणाली, "पैसे टाकल्याशिवाय मला कुणी शेजारी बसू देणार नाही."

मी "हं" म्हटलं. मनात म्हटलं, बरोबरच आहे. सूप पाजतेस म्हणून तर एवढा मान.

अशातच तिच्या गाळ्याचा मालक, चॉन म्हातारबा, एक दिवस काठी टेकत आला. "मी मुलाकडे सोलला चाललो. गाळा विकायचाय. पिल-न्यो, पहिला हक्क तुझा. तीन कोटी वॉन तू आण, बाकीचं बँक देईल. दोन वर्षं थांबतो. नाहीतर थे-ग्योंगची आई घेते म्हणतेय."

मी म्हटलंच होतं तसं. माझ्याकडे पैसे होते. मधली भिंत पाडायची, काचेचा मोठा फ्रिज ठेवायचा, सगळं मी मनात मांडून ठेवलं होतं. आणि ताईचं सगळं त्या गाळ्यात होतं. साठी उलटलेली बाई, दुसरं काही येत नाही, नवरा नाही. गाळा गेला की मुलीच्या दारात जाऊन बसायचं, एवढंच उरलं असतं.

ती हसली. "दोन वर्षं म्हणजे रग्गड झाली!" आणि त्याच शनिवारी आठ जणींच्या सूपावर कच्च्या माशांचं मोठं ताट मागवलं.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मला काही करायचंच नव्हतं. तिला देऊ द्यायचं. प्रत्येक शनिवारी गाळा माझ्याकडे थोडा सरकत होता. एवढं सोपं काम मला आयुष्यात मिळालं नव्हतं, आणि तेच मला जमलं नाही.

कारण माझी साठी आली. आमच्याकडे साठावा वाढदिवस मोठा. बाजारात एकीलाही आठवण नाही. आठवण कुणाला? ताईला! सकाळी वाढदिवसाला करतात ते शेवाळाचं सूप घेऊन आली, शनिवारी सगळ्यांना माझ्या नावाने जेवायला घातलं, वर तांदळाचा केक. बायका उठून उठून तिला म्हणत होत्या, "ताई, तुम्हाला शंभर वर्षं आयुष्य!" वाढदिवस माझा, आणि आयुष्य तिला.

पुढल्या शनिवारी दुपारी तीन वाजता मी सूपवालीकडे गेले आणि संध्याकाळचे सगळ्यांचे पैसे आधीच देऊन टाकले.

तिने नोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तब्येत बरी आहे ना गं?"

"घे मुकाट्याने," मी म्हटलं.

संध्याकाळी ताई नेहमीसारखी अनवाणी उठली. गल्ल्यावरून सूपवालीचा आवाज आला, "अगं, झालंय दिलेलं! थे-ग्योंगच्या आईने दिलंय!"

मग असा गलका झाला की विचारू नका. कुणी टाळ्या वाजवल्या, माक-नामने माझं कपाळ तापलंय का बघितलं. माझे कान गरम झाले. मला ते फार आवडलं. इतक्या वर्षांतला माझा तो एक दिवस. पण नजर ताईवर होती. ती टेबलाशी येऊन उभीच राहिली. चेहरा पांढराफटक.

"बसू का गं मी?" तिने विचारलं.

बायका खो खो हसल्या. "बसा की! सूप गार झालं तुमचं." थट्टा वाटली त्यांना. ती थट्टा नव्हती हे त्या टेबलावर मला एकटीलाच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फळ्यांवरून डोकावली. डोळे सुजलेले. "काल मी फुकट जेवले. कुणी काही बोललं नाही गं."

"काय बोलणार?"

"उठ म्हणतील असं वाटत होतं. रात्रभर वाट बघितली, कुणाचा तरी फोन येईल. माक-नामचा आला सकाळी."

"काय म्हणाली?"

"कंबर दुखतेय म्हणाली. पाऊण तास तेच." आणि ती हसायलाच लागली.

तिथून ती बदलली, पण सरळ रेषेत नाही. पुढचे शनिवार ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. मला गाळा दिसत होता, म्हणून मी मुद्दाम डिवचायची, "ताई, आज कोण देणार?" ती हात आणखीच दाबून धरायची. एकदा उठलीच, देऊनही आली, आणि सोमवारी माझ्यासमोर स्वतःच्याच गालात मारून घेतलं. माक-नामच्या मुलीच्या लग्नात तिने पाकिटात पाच लाख वॉन घातले होते. दारापर्यंत गेली, माघारी फिरली, हॉलच्या बाथरूममध्ये जाऊन चार लाख काढून घेतले. पाकीट देताना रडवेली झाली होती. कुणी ढुंकूनही बघितलं नाही. माक-नाम नंतर वर्षभर काय सांगत होती? तर ताई नाचली किती छान!

मग तिनेच एकदा म्हटलं, "इथून पुढे आपापलं द्यायचं." बायका कुरकुरल्या, शहरी पोरांची थेरं म्हणाल्या, पण द्यायला लागल्या. आणि गंमत म्हणजे शनिवारचं येणं सोडलेल्या दोघी परत आल्या. दर वेळी फुकट खायची लाज वाटायची म्हणून त्या येत नव्हत्या. ताईने ते ऐकलं आणि घरी जाऊन तीन कार्डं कापली.

दोन वर्षं भरायला बावीस दिवस राहिले असताना तिने म्हातारबाला तीन कोटी दिले. गाळा तिचा झाला. माझ्याच नोटांनी माझा गाळा घालवला, हे मी कुणाला सांगणार?

त्या शनिवारी सूपवालीकडे बसायला जागा नव्हती. सगळ्या ताईभोवती. कुणी तिच्या वाटीत मासा घालतेय, कुणी तिच्या खांद्यावर रडतेय. आणि ती एका वाटीचे, आपल्या स्वतःच्या वाटीचे पैसे देणार होती. मी बघत बसले. माझा जळफळाट झाला होता, आणि या वेळी तो गाळ्यासाठी नव्हता. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की या बायका सूपावर भाळल्यात. मी सूप पाजत नाही, म्हणून मला कुणी विचारत नाही. आता सूप गेलं, आणि बायका तिथेच होत्या.

मी कार्ड काढलं. "आज सगळ्यांचं मी देते."

ताईने माझं मनगट धरलं. "ठेव ते."

"का? तू आयुष्यभर दिलंस ते चाललं?"

"कशासाठी देतेयस, सांग."

मला बोलायचं नव्हतं. बोलून गेले. "नाही दिलं तर माझ्याशेजारी कोण बसणार आहे?"

तिने मनगट सोडलं नाही. "अठ्ठावीस वर्षं कोण बसलंय गं, बोक-दॉक? एकदाच तर पाजलंस सूप. तेही रागाने."

म्हणजे तिला माहीत होतं. माझा राग, माझा डोळा तिच्या गाळ्यावर, डिवचणं, सगळं माहीत असून ती रोज त्या फळ्यांवरून डोकावत होती. मी कार्ड ठेवून दिलं. इतका हेवा मला तिचा आधी कधीच वाटला नव्हता.