अर्धी गोळी

दत्ताचा फोन आला तेव्हा मी जालन्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर पापड वाळत घालत होते. दत्ता माझा भाचा, कौसल्यावहिनीचा मुलगा. एरवी तो फोनवर आधी "आत्या, जेवलीस का?" विचारतो, मग भले सकाळचे आठ का वाजलेले असेनात. त्या दिवशी त्यानं काहीच विचारलं नाही. "आत्या, आईला घिऊन जालन्याला आल्तो... वाटंतच गेली." मी त्याच्यावर चक्क ओरडले. म्हटलं, काहीतरीच काय बोलतोस, परवाच तर माझ्याशी बोलली, माझ्या पापडांना नावं ठेवली. तो रडत होता आणि मी आपली पापडांचंच बोलत राहिले. त्याला आता महिना उलटून गेला, पण तिचं जाणं माझ्या डोक्यात अजून शिरत नाही. बीपी सोडलं तर तिच्या मागं काही दुखणंखुपणं नव्हतं. डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांधावरून उतरताना ती माझ्यापेक्षा भरभर उतरायची आणि वर वळून म्हणायची, "ये की मंदे, शहरातली म्हातारी झालीस."

मंठ्याकडच्या आमच्या गावात ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होते. आमच्या घरची मेंढरं आजोबांनीच विकून टाकलेली, आम्ही शेतीत रुळलेलो. तिच्या माहेरी मात्र अजून कळप होता आणि तिचं सगळं लहानपण मेंढरांमागं फिरण्यात गेलेलं. तळ जिथं पडेल तिथं ना दुकान ना दवाखाना. एकीचं मीठ संपलं की दुसरीनं आपल्यातलं द्यायचं, तिसरीची पोर आजारी पडली की चौथीनं तिच्या मेंढरांचं दूध काढायचं. दारात आलेल्याला नाही म्हणायचं नाही, हे ती तिथून घेऊन आली होती. आमच्या आईला सुरुवातीला त्याचा फार जाच व्हायचा. चहापत्ती, साखर, विरजण, सगळं गल्लीभर फिरत असायचं. माझा भाऊ म्हणायचा, "ही एक दिवस मलाबी उसना दिईल कुणाला." त्यावर ती गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, "दिला असता, पण कुणी घ्यायला तर पायजे." भाऊ गेला तेव्हा हीच चेष्टा आठवून ती रडली होती.

भाऊ गेला त्याच वर्षी तिला बीपी निघालं. ते सापडलं फिरत्या दवाखान्यात. महिन्यातून एकदा सरकारची ती पांढरी गाडी मारुतीच्या पारापाशी येऊन उभी राहायची. डॉक्टर दंडाला पट्टा बांधून बीपी बघायचे आणि महिनाभराच्या गोळ्या द्यायचे, फुकट. गल्लीतल्या बायका त्या दिवशी हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या चांगल्या साड्या नेसून पारावर जाऊन बसायच्या. कुणाचं बीपी किती यावर चेष्टा चालायची. वहिनीचं बहुतेक सगळ्यांत वर असायचं आणि ती म्हणायची, "मंग? तुमच्या सगळ्यांची पाटलीण हाय मी." मी एकदा माहेरी गेले असताना हे बघितलं होतं. मलाही वाटलं, गाव सुधारलं म्हणायचं.

मागच्या वर्षी गाडी यायची बंद झाली. आधी वाटलं, बिघडली असेल. बायका दुपारपर्यंत पारावर बसल्या आणि घरी आल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा बसल्या. शेवटी उपकेंद्रातल्या सिस्टरनं सांगितलं, वरून निधीच कमी झाला, डिझेलला पैसे नाहीत, गोळ्याही थोड्याच येतात, त्या आधी गरोदर बायांना. इतरांनी मंठ्याला जावं. मंठ्याला जायचं म्हणजे एक रोज बुडवायचा, आणि तिथं रांगेत उभं राहून थोड्या दिवसांच्या गोळ्या मिळायच्या, बाकीच्या बाहेरून घ्या म्हणायचे. बाहेरून कशानं घेणार? वहिनीचे निराधारचे पैसे तर महिनेच्या महिने अडकलेले असायचे. अंदाजपत्रकाच्या दिवशी आम्ही टीव्हीसमोर बसतो ते काय स्वस्त झालं आणि काय महाग झालं एवढंच बघायला. त्यात आमच्या गावची गाडी कुठल्या ओळीत खोडली गेली, कुणास ठाऊक. मला ते कळलं फोनवर, वहिनीकडून, आणि तेही ती हसत सांगत होती. मी म्हटलं, गोळ्या मी पाठवीन, तू काळजी करू नकोस. "पाठव माय," ती म्हणाली. तेव्हापासून गावाकडं कुणी निघालं की मी गोळ्यांची पाकिटं त्याच्या हाती द्यायची. फोनवर विचारलं की तिचं ठरलेलं उत्तर, "बराबर घिऊन राह्यले. रोज घेते."

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूतली नस फुटली. बीपीच्या गोळ्या चालू होत्या का, असं त्यांनी विचारलं. दत्ता म्हणाला, "रोज घ्यायची साहेब. माझ्या डोळ्यांदेखत घ्यायची." डॉक्टर तरुण होते. ते म्हणाले, मग इतकं वाढायला नको होतं, आणि दुसऱ्या पेशंटकडं गेले. मी तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले. गोळ्या मी पाठवल्या, तिनं त्या घेतल्या, मग हे झालं कसं?

उत्तर मिळालं दहाव्याच्या दिवशी. ओसरीवर गल्लीतल्या बायका बसल्या होत्या. शेजारची जनाबाई, वहिनीच्याच वयाची, डोळे पुसत म्हणाली, "कौसाबाईनं जगवलं वो मला. गाडी बंद झाल्यापासून तिच्याच गोळ्या खाऊन राह्यले मी." तिच्या पलीकडची शांताबाई म्हणाली, "मीबी." मागं बसलेल्या आणखी दोघींनी नुसत्या माना हलवल्या. मला क्षणभर काही समजेचना. मी विचारलं, "आणि ती? तिला कशा पुरायच्या?"

"ती अर्धी घ्यायची," जनाबाई म्हणाली. "आमालाबी पाळीपाळीनं अर्धी-अर्धी द्यायची. म्हणायची, अर्ध्या भाकरीवर माणूस मरत न्हाई, मंग अर्ध्या गोळीवर कसं मरंल?"

माझा तोल गेला. भर दुखवट्यात मी ओरडले, "अगं, गोळी म्हणजे काय विरजण आहे, चमचाचमचा वाटायला?" दत्ताची बायको सारिका आतून पाणी घेऊन आली आणि माझ्या हातात तांब्या देऊन तशीच उभी राहिली. राग नक्की कुणाचा आला होता ते मला आजही सांगता येत नाही. त्या बायकांचा नव्हे. त्यांनी काही लुबाडलं नव्हतं, दारात येऊन मागितलं होतं. वहिनीचा म्हणावा, तर तिला जे शिकवलं गेलं तेच ती आयुष्यभर करत आली होती. मीठ वाटून खाल्लं तर सगळ्यांचं जेवण चवीचं होतं. औषध तसं वाटलं तर कुणालाच पुरत नाही, हे तिला सांगणारा जो माणूस होता तो त्या पांढऱ्या गाडीतून यायचा. गाडीबरोबर तोही गेला. आपण वाचवतो आहोत असं समजून ती सगळ्या गल्लीला अर्ध्यावर ठेवत होती आणि स्वतः सगळ्यांआधी गेली... गोळ्या मी यापुढंही पाठवीन, जास्त पाठवीन. पण गल्ली काय जगात एकच आहे? आणि प्रत्येक गल्लीला जालन्यात नणंद कुठून आणायची?

तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या तयारीत होते. बायकांना मी बसवून समजावलं होतं, अर्धी गोळी उपयोगाची नाही, पूर्ण घ्या, रोज घ्या. सगळ्यांनी ऐकून घेतलं होतं. मी बॅग भरत होते तेवढ्यात जनाबाई स्वयंपाकघराच्या दाराशी आली. आत आली नाही, चौकट धरून उभी राहिली. हलक्या आवाजात म्हणाली, "सारिका, लई गरगरून राह्यलंय गं. सासूच्या राह्यल्या असतील तर..."

सारिकानं फळीवरचं पाकीट काढलं. त्यात एकच गोळी शिल्लक होती. तिनं ती पोळपाटावर ठेवली आणि सुरी उचलली.

मी म्हटलं, "सारिका, पूर्ण दे. काल काय सांगितलं मी?"

सुरी हातात तशीच धरून तिनं माझ्याकडं बघितलं. उद्धटपणानं नव्हे, खरोखर विचारायचं म्हणून तिनं विचारलं, "मंग आत्या, शांताबाई आल्या तर त्यांला काय देऊ?"