वीज वाचल्याचा फलक

आमचा मामा वीज वाचवण्याच्या बाबतीत पिसाट आहे. पिसाट हा शब्द मामीचा. माझा याहून वाईट आहे. त्याच्या घरी फ्रिज उघडण्याआधी काय काढायचं ते ठरवावं लागतं. पाहुणा खोलीतून उठला रे उठला की पंखा बंद, मग तो नुसता पाणी प्यायला का उठलेला असेना.

अशा माणसाला नोकरी लागली ती कुठे, तर शहराबाहेरच्या त्या अगडबंब करमणुकीच्या घुमटात. आत अठरा हजार खुर्च्या, बाहेरून अंगभर दिवे, तेही भर दुपारी चालू. मामाचं काम वीजबचतीवर देखरेख. नोकरी हंगामी होती, आणि इकडे मामीचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. कायम नोकरांच्या घरच्यांचं ऑपरेशन कंपनी फुकट करून देई. त्यामुळे मामा कायम कधी होतो, याकडे आम्ही सगळे डोळे लावून बसलो होतो.

घुमटामागच्या माळावर सौर पॅनेल होती. त्यांनी आज किती वीज दिली हे लोकांना दाखवायला दारावर तीन मजली फलक होता. मामाने महिनाभर मीटरचे आकडे वहीत टिपले आणि त्याच्या लक्षात आलं, की पॅनेलची सगळी वीज तो फलकच खातो, वर थोडी बाहेरची लागते. भीतभीत त्याने हे साहेबांना लिहून दिलं. साहेब खूश झाले. एवढी महत्त्वाची माहिती लोकांपर्यंत पोचायलाच हवी म्हणून त्यांनी शेजारी दुसरा फलक लावला: 'बाजूचा फलक सूर्यावर चालतो.'

मग पर्यावरणाचं बक्षीस देणारी मंडळी पाहणीला आली. बक्षीस मिळालं की तुम्ही कायम, असं साहेबांनी मामाला सांगून ठेवलं होतं. मंडळींनी फलकांसमोर फोटो काढले आणि ती आत गेली. मागे मामा एकटा उरला. दारात चिटपाखरू नव्हतं. त्याचा हात सवयीने बटणाकडे गेला आणि दोन्ही फलक विझले.

त्या पाऊण तासात घुमटाला पहिल्यांदाच सूर्याची वीज मिळाली. आतले दोनचार पंखे तरी तिच्यावर फिरले असतील. पण मंडळी बाहेर येऊन बघतात तर पुरावा काळाठिक्कर. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"कुणी बघत नव्हतं, म्हणून बंद केले," मामा म्हणाला.

वीज दिसलीच नाही तर ती वाचली कशावरून, असं मंडळींच्या प्रमुखांनी विचारलं. मामाने मीटरची वही पुढे केली, ती कुणी उघडली नाही. बक्षीस दुसऱ्या एका घुमटाला गेलं. तिथे चार फलक होते.

मामाला काढणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. साहेबांनी त्याला कायम केलं. असला प्रकार पुन्हा होऊ नये म्हणून बटणापाशी राखणीला माणूस हवा होता, आणि बटण नेमकं कुठे आहे हे मामाखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

मामीचं ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी ती माझ्याबरोबर बस स्टॉपपासून घुमटापर्यंत काठीशिवाय चालत आली. रणरणत्या उन्हात दोन्ही फलक ढणाढणा जळत होते. मामा बटणाकडे पाठ करून स्टुलावर बसला होता. मला त्याची फार दया आली.

"अहो, एवढा सगळा उजेड तुम्ही सांभाळता?" मामीने कौतुकाने विचारलं.

मामाने मान हलवली. मग तिच्या गुडघ्यांकडे बघत हळूच म्हणाला, "बंद करू देत नाही कुणाला."