आवाज बंद करून पाहिलेला सिनेमा

गेल्या शुक्रवारी काल्हेरच्या घरी आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो. माझा मुलगा महेश गोदामातून लवकर आला होता. त्याच्या लहानपणचा एक विनोदी सिनेमा त्याला मोबाईलवर सापडला होता... तो टीव्हीवर लावून लेकीला, स्वराला, दाखवायचा होता.

हा सिनेमा आम्ही भिवंडीच्या चाळीत कितीदा पाहिला असेल! शुक्रवारी लूम, म्हणजे आमचे कापडाचे यंत्रमाग, बंद. कोणीतरी भाड्याने व्हिडिओ आणायचं आणि महेश माझ्या मांडीवर बसून हसायचा.

आता खरं ते सांगतो. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढली, त्यात कान गेले. गेलं वर्षभर मला टीव्हीतलं काही कळत नाही... आणि हे मी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं.

भीती वाटायची. गावी, दिघाशीला, माझ्या थोरल्या भावाचं असंच झालं. त्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर माणसं आधी ओरडून बोलायची, मग कामापुरती, मग तेवढंही नाही. ओटीवर नुसता बसलेला असायचा बिचारा...

म्हणून मी युक्ती काढली होती. नात हसली की आपण हसायचं.

सिनेमात एक भाडेकरू खोलीत बकरी लपवतो आणि नेमका घरमालक येतो. स्वरा खो-खो हसली. मीही हसलो. तर ती वळून माझ्याकडेच बघत राहिली.

"आबा, तुम्ही टीव्ही बघतच नाय! मला बघून हसता!"

तिचं तोंड माझ्याकडे होतं, त्यामुळे हे मात्र नीट कळलं.

महेशने सिनेमा थांबवला. मी मनात म्हटलं, कळलं याला. आता डॉक्टर, मशीन... आणि मग सगळ्यांचं ते ओरडणं सुरू होणार.

तो उठला आणि माझ्यासमोर खाली बसला. मग आवाज न काढता, ओठ मोठे हलवून म्हणाला, "मालक विचारतो, कसला आवाज? हा म्हणतो, आमच्या काकांना खोकला झालाय." आणि छातीवर हात ठेवून बकरीसारखा खोकला.

लूमवर आम्ही असंच बोलायचो. तिथे ओरडून उपयोग नसतो, समोरच्याचे ओठ आणि हात वाचायचे. महेश शाळेत असताना माझा डबा घेऊन यायचा, तेव्हा हे शिकला होता. मला वाटलं, विसरला असेल...

मी इतका हसलो की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

स्वराने रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाजच बंद केला. "मला पण शिकवा!" उरलेला सिनेमा आम्ही तिघांनी तसाच पाहिला. महेश ओठांनी सांगायचा, ती नक्कल करायची.

सून किचनमधून बाहेर आली. "टीव्ही बिघडला काय ओ?"

"नाय गं, आम्ही लूमवर आलोय," महेश म्हणाला. हे दोघांचं बोलणं मला स्वराने ओठांनी सांगितलं. अर्धं चुकलं, पण सांगितलं.

पुढच्या आठवड्यात कान तपासायचे आहेत. त्याची काळजी लागलीच आहे, माझा स्वभावच तसा. पण घरात कोणी ओरडत नाही... बोलायचं असलं की माझ्यासमोर येऊन बसतात. देवाने कान नेले, पण माणसं जवळ आणून बसवली.