रविवारी गिरणी बंद राहायची

यानाची सिरीयल आमच्या गावात माझ्याएवढी कोणालाच कळली न्हाई, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. आता पहिलं सालभर ते यान म्हंजी आगबोट हाय आन् भायेर दिसतो तो समुद्राचा अंधार हाय, असं मी समजत होतो, ते सोडा. "मंग पाणी काहून दिसंना रे?" असं एकदा भर सिरीयलीत इचारलं, तवा गिरणीत बसलेल्या समद्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. दत्ता हसला न्हाई. टीव्हीवरची नजर न हलवता म्हणला, "बापू, ते आभाळात हाय. तिथं खाली-वर काईच नसतं. पडायचं म्हणलं तरी माणूस कुठं पडंल?" मला काई ते पटलं न्हाई. मी बैलगाडीतून पडलेला माणूस, बाजेवरून पडलेला माणूस, पडायला जागा सापडली न्हाई असं मला आजवर झालं न्हाई.

तो दत्ता गेला. दत्ता गिरणीवाला. आता महिन्याच्या वर होऊन गेलं. मी सेनगावहून जीपला मागं लटकून येऊन राहिलो होतो. पुसेगावच्या अलीकडं एक जण चढला आन् म्हणला, "तुमचा गिरणीवाला गेला की सकाळी." मी म्हणलं, "आरं, तो कुठं जातो? त्याला अंगण वलांडता येईना." जीपमधले समदे हसले. मी गावचा सोंगाड्या, बापूनं तोंड उघडलं की हसायचं, अशी सवयच लोकायला. पण तो माणूस हसंना, म्हून माझ्या ध्यानात आलं... उतरून पळत सुटलो. पळताना चप्पल तुटली, ती हातात घेऊन मयताच्या दारात उभा राहिलो, तं तिथं बी दोघं-तिघं गालात हसले. त्यायची चूक न्हाई. जन्मभर मी तेच पेरलं.

हे मी सांगतो आन् माझी सून लिहून घेते. शाळेत मी बी गेलेलो हाय, पण छपरावर पत्रे टाकायला. दत्ता मातर दहावीपस्तोर शिकला. मंग बापाची गिरणी त्याच्या गळ्यात पडली. एक लांब खोली. अर्ध्यात जातं, पट्टा आन् मोटर, अर्ध्यात डबे आन् बाया, आन् भिंतीतल्या फळीवर टीव्ही. आमच्याकडं लाईट यायची ती पाहुण्यावानी, आली की बाया डबे डोक्यावर घेऊन पळत निघायच्या. पण रविवारी सकाळी यानाची येळ झाली की दत्ता मोटर बंद करायचा. लाईट असली तरी बंद. मोटर फिरली की टीव्हीतलं चित्र आकसून पापडावानी वाकडं व्हायचं ना. नव्वद सालाच्या पुढं-मागं सुरू झाली असंल ती सिरीयल. हिंदीत तिचं नाव लई लांब होतं, आमी आपलं यान म्हणायचो. तवापासून आमच्या गावाची रविवारची भाकर उशिराच. घरी पुरुष बोंबलायचे आन् इथं बाया गोण्यांवर मांडी घालून. दत्ता दस्तीनं काच पुसायचा, पिठाचा पांढरा थर निघायचा, आन् त्याच्या मागून यान निघायचं. त्यातलं हिंदी तो आमाला मराठी करून सांगायचा, हळू आवाजात, देवळात पोथी सांगत्यात तसं. तांड्यावरची सोनाबाई तं दळण नसलं तरी रिकामा डबा घेऊन यायची. "तुमचं यान गेलं तं कोणत्या गावापस्तोर गेलं?" असं आधीच इचारून घ्यायची.

यान निघालं होतं माणसाला राहाया दुसरी जागा हुडकायला. दर रविवारी एक नवीन जग, तिथं नवीन पेच. एका ठिकाणी दिस मावळतच नव्हता, एका ठिकाणी झाडं बोलायची न्हाई पण ऐकायची. मला त्या झाडायची भीती वाटायची, मी झाडाखाली बसून लई वाईट बोललेलो हाय. पण दत्ताचा जीव होता तो यानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीवर. कप्तान पुढं बसून हुकूम सोडायचा, शास्त्रज्ञ बाई हिशेब करायच्या, आन् हा मिस्त्री खाली इंजनाला कान लावून बसायचा. बोलायचा कमी. हात फडक्याला पुसायचा आन् म्हणायचा, चालंल अजून. दत्ता बी तसाच जात्याला कान लावायचा आन् म्हणायचा, दगड गुळगुळीत झाला, छिन्नीनं टोचून टाकी लावायला झाली. मी म्हणलं, "दत्ता, तो तूच हायस रे. नुसतं पीठ लावायचं राहिलं." पिठाच्या खालून त्याचं तोंड लाल झालेलं मला दिसलं. त्या दिशी माझी जवारी त्यानं अशी बारीक दळून देली की बायको म्हणली, हे कोणाचं दळण उचलून आणलं?

असं बरेच सालं चाललं. मंग कायतरी झालं. कोणी म्हणलं बनवणारे बदलले, कोणी म्हणलं आता पैसा जाहिरातीचा. आधी कप्तान बदलला. जुना केस पिकलेला होता, त्याच्या जागी एक चिकणं पोरगं आलं, त्याची बट यानात बी वाऱ्यानं उडायची. मी म्हणलं, "खिडकी उघडी राहिली वाटते." दत्ता पहिल्यांदा माझ्यावर चिडला. मंग एक राणी आली, डोळ्यात काजळ घालून यानातल्या यानात कारस्थान करणारी. नवीन जग बंदच झालं, समदं भांडण घरातलं. एका रविवारी यानात त्या पोराचं आन् राणीचं लगीन लागलं, सनई-चौघडा, हळद, आन् पुढच्या रविवारी बी तेच लगीन. सोनाबाई उठली, डबा कमरेला लावला आन् म्हणली, "लगीन पाहायचं तं मी तांड्यावर पाहीन, तिथं जेवाया तरी भेटतं. आभाळात जाऊन कशाला पाहू?" ती परत आली न्हाई. मागोमाग बाकीच्या. कोणाच्या घरी रंगीत टीव्ही आला, कोणाकडं तारवाला चॅनल. गोण्यांवर आमी दोघंच राहिलो, दत्ता आन् मी. आन् मला तं काई कळतच नव्हतं, म्हून मी टिकलो.

पण दत्ता त्या लग्नासाठी बसत नव्हता. लग्नाच्या आदल्या रविवारी मिस्त्री इंजनात खाली उतरला होता. इंजनाचा आवाज बदललाय, पाहून येतो, म्हणला, कंदील घेतला आन् शिडीनं खाली गेला. दत्ता सरकून पुढं बसला. आन् पुढच्या रविवारी हळद. मिस्त्रीचं नाव न्हाई. त्याच्या पुढच्या रविवारी न्हाई. मेला म्हणलं न्हाई, उतरला म्हणलं न्हाई. कप्तान इचारत न्हाई, राणी इचारत न्हाई, यान आपलं चालून राहिलं. "बापू," दत्ता म्हणला, "खाली माणूस हाय आन् वर हे अक्षदा टाकून राहिले." मी म्हणलं, "येईल रे, काम लांबलं असंल." दत्ता म्हणला, "काम लांबत असतं. पण वरून कोणी हाक तरी मारतं."

त्यानं टीव्हीवाल्यायला कार्ड टाकलं. मिस्त्री खाली राहिलाय, तेवढा वर घ्या, असं हिंदीत. मी म्हणलं, खाली माझं बी लिही, वर घ्यायला माणूस पाहिजे असंल तं मी रिकामाच हाय. त्यानं ते लिहिलं न्हाई. लई दिसानं उत्तर आलं. पोस्टमननं गिरणीतच आणून देलं. पाकिटात त्या चिकण्या कप्तानाचा छापील फोटो, हसणारा, खाली छापील सही. दत्तानं तो उलटा करून पाहिला. मागं कोरं होतं. मंग त्यानं तो जात्याच्या पायाखाली, जिथं डगडग होती तिथं घडी करून सारला. मी हसलो. मला वाटलं हा बी हसंल.

त्याच्या नंतरच्या एका रविवारी मी यानाच्या येळेला निघालो, तं चौकातच पाय थांबले. गिरणी चालू होती. पट्टा फटफट वाजत होता. चौकात बसलेले बी एकमेकाकडं पाहू लागले. इतक्या वर्षांत त्या येळेला त्यो आवाज गावानं ऐकलाच नव्हता. मी आत गेलो. टीव्ही बंद. काचेवर पीठ बसून राहिलं होतं आन् दत्ता दळत होता. दळायला डबा एकच होता, त्याच्याच घरचा. मी म्हणलं, "दत्ता, येळ झाली." त्यानं ऐकलं का न्हाई काय माहीत. मोटरचा आवाज मोठा. मी थोडा येळ गोणीवर बसलो आन् उठून आलो. त्यानंतर रविवार म्हंजी त्याचा समद्या दिसावानी दीस झाला.

पीठ त्याच्या छातीत आधीपासूनच बसलं होतं. हिंगोलीच्या डाक्टरनं सांगितलं, गिरणी सोडा. गिरणी सोडून काय करायचं ते मातर सांगितलं न्हाई. कौसावहिनी, त्याची बायको, मोटर चालवू लागली आन् दत्ता भिंतीपलीकडं बाजेवर. मी जाऊन बसायचो. त्याची तकलीफ पाहवत न्हाई म्हून तोंड चालू ठेवायचो, दुसरं मला येतंच काय? एक दिवस जीभ सरकली. म्हणलं, "दत्ता, काल पाहुण्याच्या घरी यान पाहिलं. मिस्त्री वर आला!"

त्यानं डोळे उघडले. "कुठून आला?"

"मागच्या दारानं."

"यानाला मागचं दार न्हाई."

"नवीन बसवलं आता."

तो हसला. हसता हसता खोकला आला, वहिनी दारातून माझ्याकडं अशी पाहू लागली की मी बाजेखाली शिरायचा राहिलो. खोकला थांबल्यावर दत्ता म्हणला, "आन् कप्तान काय म्हणला त्याला?"

"म्हणला, या मिस्त्री, बसा, चहा घ्या."

दत्ता आढ्याकडं पाहत म्हणला, "ह्यो कप्तान त्याला वळखत न्हाई, बापू. ह्यो आला तवापासून आपल्याच लगनाच्या गडबडीत होता. यानात आता त्याला वळखणारं कोणीच राहिलं न्हाई... वर येऊन बी काय करंल तो?"

लोकायचं समदं बोलणं मी थट्टेत नेतो. हे मला नेता आलं न्हाई. पलीकडं मोटर चालू होती, भिंत थरथरत होती, आन् मी आपला त्याच्या पांघरुणाचे धागे काढत बसलो. तो परत यानाचं बोलला न्हाई. मी बी न्हाई.

सिरीयल कवा बंद झाली ते गावात कोणालाच माहीत न्हाई. शेवट काय झाला, यानाला जागा भेटली का न्हाई, मी लोकायला इचारून पाहिलं. ते म्हणले, कोणती सिरीयल? टीव्ही अजून फळीवर हाय, वहिनीनं त्याला रिकामी गोणी पांघरून ठेवलीय. जात्याचा आवाज मातर बदललाय. टाकी लावायला झालीय का काय, सांगणारा न्हाई, आन् मला नुसताच आवाज ऐकू येतो.

मेल्या माणसाच्या दारात दर रविवारी जाऊन बसणं बराबर न्हाई, मला समजतं. पण पाय जातात. परवाच्या रविवारी बी गेलो, यानाच्या येळेला, गिरणीच्या उंबऱ्यावर बसलो. वहिनी जवारी ओतून राहिली होती, केसं, भुवया समद्या पांढऱ्या. मी मोठ्यानं म्हणलं, "वहिनी, घडीभर मोटर बंद करा ना."

"काहून?"

"येळ झाली... दत्ता बंद करायचा ना."

तिनं पदरानं तोंड पुसलं. माझ्याकडं पाहिलं, माझ्या मागं उभ्या असलेल्या बायायकडं पाहिलं.

"भाऊजी, डबा आणला असंल तं लायनीत ठेवा. न्हाई तं उंबऱ्यावरून उठा, बायायला आत याया वाट न्हाई."