बिनआवाजाचा रिले

टेस्टर हे काही त्याचे खरे नाव नव्हे. पण शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी कायम टेस्टर खोचलेला असे, म्हणून त्या चार मजली इमारतीत त्याला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. हयातभर वायरमनचे काम केलेला माणूस. त्याच्या कामात खोट काढणारा मला अजून भेटलेला नाही. आणि मी शोधला नाही असेही नाही.

तळमजल्यावर जिन्यालगतच्या खोलीत तो, त्याची बायको आणि थोरली बहीण अक्का राहत. अक्कांची दृष्टी लहानपणीच्या तापात गेली होती. संध्याकाळी जिन्याचा दिवा लावण्याचे काम त्यांना कोणी नेमून दिले नव्हते. त्यांनी ते आपणहून घेतले होते आणि इमारतीने ते त्यांचेच मानले होते. त्यावर पहिला विनोद अक्काच करत. “मला काय, मला बारा महिने लोडशेडिंग. तुम्ही पडू नका म्हणजे झालं.”

या जिन्याला साधी बटणे नव्हती. प्रत्येक मजल्यावर दारावरच्या घंटीला असते तशी एक कळ होती. कोणतीही दाबली की सगळ्या मजल्यांवरचे दिवे एकदम लागत, पुन्हा कोणतीही दाबली की विझत. अशा कळीला वर-खाली अशी स्थिती नसते, त्यामुळे बोटाला तिच्यावरून काहीच कळत नाही. दिवा लागला आहे की विझला आहे, हे धरून ठेवतो तो जिन्याखालच्या पेटीतला रिले. जुना रिले दर दाबाला खट्कन वाजे. लागतानाचा आवाज कोरडा आणि विझतानाचा किंचित बसका, असे अक्कांचे म्हणणे. हा फरक दुसऱ्या कोणाला ऐकू आल्याचे मला कोणी सांगितले नाही. पण अक्का कधी चुकल्या, असेही कोणी सांगितले नाही.

पेटीच्या भिंतीपलीकडे एक नवे बिऱ्हाड आले. त्यांच्याकडे तान्हे मूल होते.

“टेस्टरभाऊ, तुमच्या त्या खटखटीनं बाळ दचकून उठतं हो,” त्याची आई एकदा काकुळतीने म्हणाली. “मी झोपवायचं आणि तुमच्या जिन्यानं उठवायचं, असं चाललंय.”

रिले जुनाही झाला होता, मधूनमधून अडके. टेस्टर दुकानात गेला. दुकानदाराने दोन प्रकार समोर ठेवले. “हा तुमचा जुनाच, वाजणारा. आणि हा इलेक्ट्रॉनिक. एकदम मुका. शपथ घालून विचारलंत तरी बोलणार नाही.”

निवड त्याने घाईने केली नाही. सगळ्या दिव्यांचा भार तो पेलेल का, कळींमध्ये अंधारात दिसावे म्हणून बसवलेल्या बारीक दिव्यांच्या गळक्या प्रवाहाने तो फसेल का, वीज जाऊन आली तर आधीची स्थिती त्याच्या लक्षात राहील का, हे सगळे त्याने तपासले. मग मजल्यामजल्यावर जाऊन लोकांना विचारले. सर्वांना आवाज नको होता. स्वतःच्या घरात मात्र त्याने विचारले नाही.

“दिव्यातलं अक्काला काय विचारायचं, असं वाटलं,” तो मला म्हणाला. हे वाक्य त्याने पुढे आणखी दोनदा, मी न विचारता, उच्चारले.

मुका रिले बसून महिनाही झाला नसेल. एका संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचे शिंपीकाका इस्त्रीचे कपडे घेऊन उतरत होते. ते मधल्या वळणावर असतानाच दिवा विझला. ते घसरले आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. अक्कांनी तेव्हा खालची कळ दाबली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई आता सांगतात की त्याच सुमारास त्यांनीही दाबली होती. त्या वेळी मात्र त्या हे बोलल्या नव्हत्या. कोणाचा दाब आधीचा आणि कोणाचा नंतरचा, हे आता ठरवता येणार नाही.

चार दिवसांनी सगळे जिन्यातच जमले.

“अक्का, पुष्कळ केलंत,” वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ गोड आवाजात म्हणाले. “आता कळीला हात लावू नका. आराम करा.”

“मी दाबली होती,” अक्का म्हणाल्या. “पुढं काय झालं ते मला कळलं नाही.”

“तिची चूक नाही,” टेस्टर पुढे झाला. “रिले मी निवडला. जुना असता तर दिवा लागला की विझला हे तिला ऐकू आलं असतं. शिंपीकाका, तुमचा हात माझ्यामुळं मोडला.”

शिंपीकाकाच हसले. प्लास्टरमधला हात सावरत म्हणाले, “असू दे रे. बहिणीच्या चुकीचं खापर आपल्या डोक्यावर फोडून घेतोस. भाऊ असावा तर असा!”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. शिव्या दिल्या असत्या तर त्याने ऐकून घेतल्या असत्या. हे कौतुक मात्र त्याच्या जिव्हारी लागले. तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला, आणि जितके सांगे तितका तो लोकांच्या नजरेत थोर होत गेला.

घरात आल्यावर अक्का म्हणाल्या, “धाकट्या, आवाज गेला ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“वाटलं, तू मुद्दाम केलं असशील. म्हातारीला आता यातून काढावं म्हणून. तुझ्या तोंडानं सांगायला तुला जड जात असेल.”

तू आवाजावरून ओळखतेस हेच विसरलो, हे खरे उत्तर त्याला तिच्या समजुतीहूनही वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी तो त्यांना दुकानात घेऊन गेला. त्याआधी बाळाच्या आईची परवानगी घेतली; ती म्हणाली, “वाजू द्या हो, होईल सवय त्याला.” दुकानदाराने अक्कांच्या कानाशी एकेक रिले वाजवून दाखवला. अक्कांनी तीन नाकारले. टेस्टरला चारही सारखेच ऐकू आले.

आता जिना पुन्हा वाजतो. शिंपीकाकांचा हात जुळला आहे, पण काजे ते दुसऱ्याकडून करून घेतात. अक्का रोज कळ दाबतात, खट् झालेले ऐकतात, आणि तरीही दाराकडे तोंड करून विचारतात, “लागलाय ना रे?” शेजारी सांगतात, पूर्वी त्या कधी विचारत नसत. मी गेलो त्या संध्याकाळी टेस्टर जेवत होता. तो ताटावरून उठला, बाहेर येऊन त्याने दिव्याकडे पाहिले, आणि मगच म्हणाला, “हो अक्का, लागलाय.”