गुरुवारी बार्शीला

सोलापुरात मी समुपदेशनाचं काम करते. कॉलेजात बोलायला बोलावतात तेव्हा माझं एक ठरलेलं वाक्य असतं: बीपीची गोळी घेतो तशीच ही मनाची गोळी, त्यात लाज कसली? मुलं टाळ्या वाजवतात. आणि त्याच दिवसांत मी महिन्यातल्या एका गुरुवारी बार्शीची एसटी पकडून तिथल्या मनोविकारतज्ज्ञांकडे जात होते, माझ्या स्वतःच्या गोळ्यांसाठी. सोलापुरात असे डॉक्टर आहेत. पण त्यांच्या दारात मला कुणी पाहिलं, तर माझ्याकडे कोण येणार? घरी सांगितलं होतं, बार्शीच्या कॉलेजात लेक्चर असतं.

माझ्याकडे मंद्रूपच्या एक शिक्षिका यायच्या. झोप पार उडालेली. शिकवता शिकवता रडू यायचं, मग फळ्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या. औषध लागेल म्हटल्यावर त्या घाबरल्या.

"नको मॅडम. सोलापुरात आमच्या गावचं कोण ना कोण भेटतंच की. सासरी कळलं तर लई अवघड होईल."

मी त्यांना बीपीचं वाक्य ऐकवलं. तरी ऐकेनात, तेव्हा बार्शीच्या डॉक्टरांचा पत्ता दिला.

"चांगले आहेत का?"

"आहेत असं ऐकलंय. शनिवारी जा, शनिवारी गर्दी नसते."

गर्दीचं मी बनवून सांगितलं होतं. त्यांची गाठ गुरुवारी पडू नये, एवढंच मला हवं होतं.

पण एका गुरुवारी गावच्या जत्रेची शाळेला सुट्टी मिळाली. मी दवाखान्यात शिरले, तर समोर बाकावर त्याच.

"मॅडम, तुमी हितं?"

"डॉक्टरांशी बोलायचं होतं. एका पेशंटबद्दल."

"माझ्याबद्दल?"

मी हो म्हणाले. त्यांचा चेहरा असा खुलला, की मला तिथून निघून जावंसं वाटलं. "माझ्यासाठी एवढ्या लांब आलात," म्हणत त्यांनी सरकून जागा दिली आणि डब्यातली अर्धी शेंगापोळी माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली.

तेवढ्यात काउंटरवरच्या बाईंनी मला नावानं हाक मारली. "मॅडम, नव्या गोळ्यांनी चक्कर येत होती ना? थांबली का?"

शिक्षिका डब्याचं झाकण लावत राहिल्या.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो, कारण दुसरी जागाच नव्हती. वैरागच्या पुढे त्या हळूच म्हणाल्या, "किती दिवस झाले मॅडम?"

"दीड वर्ष."

"सांगायचं तरी. मला वाटायचं, औषधापर्यंत गेलेली मी एकटीच."

पुढे एका सहकारी मैत्रिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "आपलं खासगी पेशंटला सांगायचं नसतंच. तू नियमानंच वागलीस." नियम खरा आहे. पण त्या दिवशी मी नियम पाळत नव्हते, तोंड लपवत होते. न सांगणं निराळं आणि मी तुमच्यासाठी आले म्हणणं निराळं.

त्या माझ्याकडे पुन्हा आल्या नाहीत. एकदा मीच फोन केला. औषध सुरू आहे, झोप लागते, बार्शीलाच एका बाईंकडे बोलायला जाते, म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. लेक्चर नव्हतं, हेही. त्याचा हात ताटातच थांबला. मग काळजीनं म्हणाला, "घे औषध, पण बाहेर कुणाला बोलू नकोस हं. तुझ्या पेशंटना कळलं तर काय म्हणतील?"

मला त्याच्यावर चिडता आलं नाही. तो माझंच बोलत होता. मी मान खाली घालून जेवत राहिले.